भावसुनेचं ताट

शहापूर, २८ जुलै

दामिनी बेटा,

पाकिटावरचं अक्षर पाहून ओळखलंच असशील की हे मोठेबाबाचं. तरी उघडलंस, म्हणजे माझं अर्धं काम झालं. उरलेलं अर्धं या कागदावर होते का पाहू.

फोन काहून नाही केला म्हणशील. इथं फोन हापिसात असतो आणि रविवारीच हाती मिळतो. तो मोठ्या आवाजावर ठेवतात, आम्हा म्हाताऱ्यांना नीट ऐकू यावं म्हणून. आम्हाला ऐकू येते, आणि सगळ्या व्हरांड्यालाही येते. मग माणूस काय बोलणार? बरं आहे, बरं आहे, एवढंच. चंदा म्हणून एक बाई इथं कामाला आहे, आपल्या दिघोरीकडचीच. ती घरी जाताना पत्र डब्यात टाकते म्हणाली.

मी बरा आहे. जागाही चांगली. खाली फरशी, वर पंखा, पुढं हायवेवरून दिसावी अशी मोठी पाटी. तुझ्या भावानं, प्रविणनं, पाहूनच निवडली. त्याला मी नाव ठेवत नाही. पुण्याला त्याची नोकरी, घरात कोणी नाही. त्यानं आपल्या परीनं आई आणि बिनलेकराचा मोठा बाप असे दोघं एका जागी आणून ठेवले, की एकमेकांना सोबत होईल.

सोबत. त्या सोबतीसाठीच हे पत्र लिहून राहिलो.

तुझ्या आईचं बरं नाही. तुम्हाला काय माहीत, असं तू म्हणशील, आणि खरंच आहे ते. मी तिचा भासरा, ती माझी भावसून. माझा धाकटा भाऊ कृष्णराव तिला लग्न करून घरी घेऊन आला त्या दिवसापासून ती मला पाहून पदर ओढते आणि पाठ फिरवते, आणि मी दारात पाय ठेवायच्या आधी खाकरतो. एका घरात जन्म गेला, पण तिचा चेहरा मी समोरून नीट पाहिलेला नाही. मला दिसतात ते तिचे पाय. पण पायांवरूनही माणसाचं सारं कळते, बेटा. धानाच्या रोवण्यातले चिखलाचे पाय, तू पोटात होतीस तेव्हा सुजलेले, धाकटा गेला तेव्हा जोडवी उतरलेले, सगळे मी पाहिले आहेत.

आता त्या पायांची नखं वाढून बोटात वळली आहेत. टाचेला भेगा, भेगांत काळं. लुगड्याचा काठ ओला असतो, आणि तो पाण्यानं ओला नसतो. चिखलाच्या बांधीतून आली की घरात शिरायच्या आधी दगडानं पाय घासणारी बाई ती, तुला मी काय सांगू. पण ती पडली तेव्हापासून उठायला, न्हायला, जायला तिला कोणाचा तरी हात लागतो. आणि इथं हात कमी आहेत. न्हाणं ठरलेल्या वारी, ओळीनं, एकामागून एक, भांड्यातलं पाणी निवायच्या आत उरकायचं. चंदाला बोललो तर म्हणते, "बाबाजी, मी काय दहा हाताची आहो का?" तिचंही खोटं नाही.

एकदा येऊन जा. तुझा राग मला माहीत आहे. तू म्हणालीस, आई, माझ्याकडं मोहाडीला चल. ती म्हणाली, लेकीच्या घरचं पाणी पिणार नाही, आपल्यात रीत नाही. तू म्हणालीस, लेकीच्या घरचं नाही, जवायाच्या, अश्वजितच्या घरचं म्हण. त्याची जात आड आली तुला, असं म्हण. आणि उठून गेलीस ती गेलीस. यात कोण खरं, ते मी इथं लिहीत नाही. पण नखं कापून द्यायला कोणाच्या घरचं पाणी प्यावं लागत नाही, एवढं मला कळते.

मोठेबाबा


१४ ऑगस्ट

दामिनी,

रविवारी तुझा फोन आला, म्हणजे पत्र पोचलं. पण तू रागानं ठेवून दिलास, आणि तो राग भलत्याच माणसाला लागला. काय झालं ते ऐक.

कैलाश म्हणजे इथला व्यवस्थापक. तरणा पोरगा, गोड बोलणारा. त्यानं फोन उचलून आमच्या जेवणाच्या टेबलावरच आणून ठेवला. "घ्या काकू, मुलीचा फोन. बोला बिनधास्त." तू तिकडून म्हणत होतीस, "आई, मी बोलून राहिली ना. आई?" आणि आई चूप. मग तू म्हणालीस, "माह्याशी बोलाचंच नाही ना तुले? ठीक आहे." आणि खट्ट.

बेटा, मी समोर बसलो होतो. हाताच्या अंतरावर. भासऱ्यासमोर तिच्या तोंडून आवाज निघत नाही, हे तू जन्मापासून पाहत आलीस. पण फोनमधून तुला मी कसा दिसणार? मला मात्र टेबलाखाली तिचे पाय दिसत होते. तू 'आई' म्हणालीस तशी तिनं पायाची बोटं फरशीला घट्ट रोवली होती, पुराच्या पाण्यात उभं राहिल्यावर रोवतात तशी.

आता टेबलाचं सांगतो, कारण सारी गोम तिथंच आहे. आधी इथं बाया एकीकडं आणि माणसं एकीकडं अशी पंगत होती. मग कैलाशच्या मनात आलं की एका घरच्या लोकांनी एकत्र जेवावं, घरच्यासारखं वाटेल. चांगल्या मनानंच केलं त्यानं. खिडकीजवळचं लहान टेबल आम्हा दोघांना दिलं. कोणी पाहुणे आले की आमच्यापाशी घेऊन येतो. "हे आमचं फॅमिली टेबल." पाहुणे वा वा म्हणतात, फोटो काढतात. फोटोत मी हसलेला असतो आणि तुझी आई म्हणजे नुसता पदर.

आणि ती जेवत नाही. भासऱ्यापुढं घास तोंडात कसा घालेल ती? ताट येते, वरणभात निवते, ताट परत जाते. चंदा करवादते, "काकू, काहून खाऊन नाही राहिल्या? तुमच्यापायी मले बोलणी बसते." मग हापिसात सांगतात, खिडकीच्या काकूला भूक नाही.

मी कैलाशला सांगून पाहिलं. "बाबू, मी भासरा आहो तिचा. माह्यासमोर ते जेवणार नाही. मले कोठंबी दुसरीकडं बसव."

"काका, कोणता जमाना चालू आहे!" हसला. "होते सवय. आणि प्रविण सरच म्हणाले ना, दोघांले सोबतच ठेवा."

मी म्हटलं, ठीक, मी लवकर जेवून उठत जाईन. पण मला उठायला जरा वेळ लागतो, तोवर ताटं उचलायची वेळ होते.

तर मग ती माझ्याशी बोलतच नाही का? बोलते ना. घरी कशी वासराला पुढं करून बोलायची, आठवते? "वासरा, सांग त्याइले, शेताच्या बोडीवर माणूस वाट पाहून राहिला." इथं वासरू कुठलं? इथं ती टेबलावरच्या पाण्याच्या जगशी बोलते. परवा म्हणाली, "जगा, सांग त्याइले, आज वरण बरं आहे, खाऊन घ्या म्हणा." मी म्हटलं, "जगबापू, सांगा तिले, मी डोये मिटून बसतो, तू चार घास खाय." आणि मिटले मी डोळे, चांगले गच्च. भाताचा वास जवळ गेल्यासारखा वाटला. तेवढ्यात चंदा आली आणि ओरडली, "अगं माय! बाबाजी पाहा जेवता जेवताच झोपले!" मला गदागदा हलवलं. मी डोळे उघडले, आणि तिचा घास परत ताटात.

तू हसशील. मीही हसलो तेव्हा. आता हसू येत नाही, कारण तिनं पाणीही सोडलं आहे. पाणी प्यालं की जावं लागते. जायला हात वर करून चंदाला हाक मारावी लागते. आणि दिवसभर आम्ही व्हरांड्यातही शेजारी शेजारीच, सोबतीला. माझ्या देखत ती अशी हाक मारेल का? त्यापेक्षा तहान बरी, असा तिनं हिशेब केला.

कैलाशला फोन कर आणि म्हण, टेबल बदला. लेकीचं ऐकेल. माझं तो गंमत म्हणून ऐकतो.

मोठेबाबा


२९ ऑगस्ट

दामिनी,

तुझं पत्र मिळालं. चंदानं ओच्यात लपवून आणलं. दोनदा वाचलं, मग चंदाला वाचून दाखवलं, कारण तिला राहवेना.

तू लिहिलंस की तू कैलाशला फोन केला, तो म्हणाला प्रविण सरांनी सांगायला पाहिजे. तू प्रविणला केला, तो म्हणाला, तुला एवढंच वाटते तर घेऊन जा, मी हो म्हणून कळवतो. आणि मग तू लिहिलंस ते मी इथं पुन्हा लिहितो, म्हणजे मला नीट समजलं की नाही तुला कळेल. "मोठेबाबा, मी न्यायला तयार आहे. अश्वजित माझ्या आधीपासून तयार आहे. पण आई इथं येऊन माझ्या घरच्या पाण्याला तोंड लावणार नसेल, तर ती माझ्या डोळ्यांसमोर सुकून जाईल. ते मला पाहवणार नाही. तिनं स्वतःच्या तोंडानं येते म्हणावं. मग मी दुसऱ्या दिवशी दारात उभी राहते."

बरोबर आहे तुझं. मी तुझ्या जागी असतो तर मीही असंच लिहिलं असतं.

पण इकडं वेळ थोडा राहिला. कानोबाच्या, म्हणजे गोकुळाष्टमीच्या दिवशी तिला ताप भरला. पाणी कमी पडून लघवीचा त्रास झाला, असं डॉक्टर सांगून गेले. तापात ती बरळली. कृष्णरावाला म्हणत होती, "अहो, धानाचे परे वाळून राहिले, पाणी सोडा ना बांधीत." ताप उतरला, औषध चालू आहे. पण कैलाशनं ठरवून टाकलं की काकू आता पुढच्या खोलीत राहण्यासारख्या नाहीत. पोळा झाला की मागच्या खोलीत.

मागची खोली तुला माहीत नाही. ज्यांचं स्वतःचं स्वतःला होत नाही त्यांना, बाया असो की माणसं, मधे पडदा लावून तिथं ठेवतात. कडी बाहेरून. आतल्या बायांना लुगडं नाही, एकसारखे गाऊन. डोक्यावरचे केस मशीननं उतरवतात, स्वच्छतेसाठी म्हणे. सकाळी लेकरांना बांधतात तसलं बांधलं की सांजवेळेपर्यंत कोणाला न्यायची कटकट नाही. एक चमचा घेऊन चंदा नाहीतर तिची जोडीदारीण या खाटेवरून त्या खाटेवर घास भरवत जाते, आणि आधीचा गिळला की नाही हे पाहायला कोणाला फुरसत आहे? मारत नाहीत, शिव्या देत नाहीत. फक्त माणसाला कुंडीतल्या झाडासारखं करून टाकतात. तिथं गेलेलं कोणी पुन्हा पुढच्या व्हरांड्यात आलेलं मी पाहिलं नाही.

मी कैलाशला म्हटलं, "तिचे केस नको कापू रे. सुनेच्या केसाले घरात कोणी हात नाही लावला कधी."

"काका, उवा झाल्या तर तुम्ही वेचणार आहे काय?" मी फाटकाकडं पाहत राहिलो. फाटकाला कुलूप असते. आणि नसतं तरी काय? माझ्या खुर्चीला चाकं आहेत आणि पोटावरून पट्टा आहे. तो पट्टा मागून सुटतो, चंदा सोडेल तेव्हा. हे मी तुला आधी लिहिलं नव्हतं. विशेष काही नाही. घसरून पडू नये म्हणून असतो.

तर असं आहे. तुला तिच्या तोंडचा शब्द पाहिजे. आणि तिच्या तोंडापुढं मला आणून बसवलं आहे. चंदाला म्हटलं, तू विचार तिला. तिनं विचारलं. तुझ्या आईनं मान हलवली, हो म्हणून की नाही म्हणून, चंदाला कळलं नाही. आता मलाच विचारावं लागणार. कसं, ते मला अजून सुचलेलं नाही.

मोठेबाबा


४ सप्टेंबर

दामिनी,

झालं बोलणं. सारं जसं झालं तसं लिहितो, कारण यातला शब्द न् शब्द तुझा आहे.

काल तान्हा पोळा. जवळच्या शाळेची लेकरं लाकडी नंदी सजवून घेऊन आली होती. व्हरांडाभर झेंडूची फुलं, नंद्यांची चाकं खडखड, आणि म्हाताऱ्यांच्या माना इकडून तिकडं. आम्ही दोघं टेबलावर. ताटं आली होती. कैलाश सकाळीच सांगून गेला होता की मागं खाट तयार आहे, सण होऊन जाऊ द्या.

मी मनात ठरवलं होतं की जगला सांगून सारं विचारायचं. तोंड उघडलं तर जगच नाही! एक लेकरू आलं न् उचलून घेऊन गेलं. त्याच्या नंदीला तहान लागली होती.

मग टेबलावर राहिलो कोण? मी आणि ती.

"सत्यभामा," मी म्हटलं.

भासऱ्यानं भावसुनेचं नाव घेऊ नये. तिचे पाय खुर्चीखाली सरकले.

"मी घरचा मोठा आहो. मोठा म्हणूनच बोलून राहिलो. उद्या तुले मागच्या खोलीत नेऊन राहिले. केस उतरवतीन. दामिनी न्यायले तयार आहे. जवाई तयार आहे. प्रविणनं हाव म्हटलं. आता तुह्याच तोंडचा एक शब्द पायजे."

तिनं पदर आणखी ओढला.

"लेकीच्या घरचं पाणी म्हणून नाही म्हणतं, का अश्वजितच्या घरचं म्हणून? खरं सांग मले. मी न्याय कराले नाही बसलो."

बाहेर लेकरांचा गोंधळ चालला होता. मग आवाज आला, घोगरा, वापर नसलेल्या रहाटासारखा. टेबलाकडं पाहूनच बोलली, पण मध्ये कोणाला घातलं नाही.

"पहिले त्याच्या घरचं म्हणून. खोटं नाही बोलत. मंग जवाई चांगला निघाला, तं लेकीच्या घरचं म्हणून. आता लाज म्हणून. इतक्या खेपा त्या पोरीले नाही म्हटलं, आता कोणत्या तोंडानं हाव म्हणू?"

"ह्याच तोंडानं म्हण. दुसरं कोठून आणशीन?"

ती हसली की खोकलली, मला कळलं नाही. मग म्हणाली, "अन् तुमाले कोण पाहीन?"

"मले काय झालं? मी बरा आहो."

"मी बी खालीच पाहते ना," ती म्हणाली. "तुमचे पाय काय मले दिसत नाही? सुजून भोपळ्यावानी झाले. सकाळचं पायताण पायात जात नाही. अन् त्या पट्ट्यानं तुमाले बांधते, ते बी दिसते."

बेटा, इतकी वर्षं मला वाटत होतं की पाहणारा मी एकटाच. मी नुसतं म्हटलं, "चंदा आहे. तू जाय."

तेव्हा तिनं पदर मागं घेतला, कपाळापर्यंत. मान वर केली. माझ्याकडं नाही पाहिलं, खिडकीकडं पाहिलं. तुझं नाक तिचं आहे, हे मला काल कळलं. तिच्या पुढचा ग्लास उचलला आणि माझ्यासमोर पाणी प्याली. थांबत थांबत, तळापर्यंत. ग्लास खाली ठेवून म्हणाली, "सांगा पोरीले. येजो म्हणा."

हा तिच्या तोंडचा शब्द आहे. तुला पाहिजे होता तो.

लेक न्यायला येते म्हटल्यावर कैलाश चार दिवस थांबतो म्हणाला, आता उशीर करू नको. प्रविणला सांगून कैलाशकडं आधी कळव, म्हणजे फाटकावर वाद होणार नाही. लुगडं घेऊन ये, तिला इथल्या गाऊनमध्ये नेऊ नको. केसांत गुंता फार आहे. तेल लावून सोडव, कात्री लावू नको. जायचं आहे का, हे तिला एकांतात विचारत जा, चारचौघांत विचारलंस तर ती नाहीच म्हणणार. आणि घरी गेल्यावर पहिला पाण्याचा ग्लास जवाईबापूंच्या हातून दे. त्यांना माझं सांग, की म्हातारीची लाज मोडायची आहे, तेवढा त्रास घ्यावा.

मोठेबाबा


६ ऑक्टोबर

दामिनी बेटा,

अक्षर वाकडं आहे, समजून घे. चंदानं पुठ्ठ्याला कागद लावून दिला आहे, मी उताणा पडून लिहून राहिलो.

तुझं पत्र चार ठिकाणी दुमडून उशीखाली ठेवलं आहे. ती जेवते, तुझ्या हातची लाखोळीची डाळ मागून खाते, दुपारी अंगणात बसून केस वाळवते. जवाईबापूंनी पाण्याचा ग्लास पुढं केला तेव्हा तिनं दोन्ही हातांनी घेतला, हे वाचून मी चंदाला हाक मारली. ती धावत आली, काय झालं म्हणून. म्हटलं, काही नाही, सून पाणी प्याली. ती म्हणाली, बाबाजी, तुमी बह्याड झाले.

तू विचारलंस, आम्ही आलो त्या दिवशी तुम्ही बाहेर काहून नाही आले. चंदानं तुला सांगितलं की मी झोपलो होतो. ते मीच तिला सांगायला लावलं होतं. मी जागा होतो. मी मागच्या खोलीत होतो. तयार खाट रिकामी कशाला ठेवायची, आणि दोघांतलं एक गेल्यावर त्या टेबलाचं तरी काय काम? शिवाय माझे पायही आता कामाचे राहिले नाहीत, कैलाशचंही बरोबरच आहे. त्या दिवशी सकाळीच मला मागं आणलं. मी चंदाला म्हटलं, गाडी गेल्याशिवाय सत्यभामेला कळू देऊ नको. कळलं असतं तर ती हलली नसती, आणि तू पुन्हा हात हलवत गेली असतीस.

पण व्हरांड्याकडं उघडणारी खिडकी आहे इथं. तू तिला गाडीत बसवायच्या आधी व्हरांड्याच्या पायरीवर बसवलंस, तिचा पाय मांडीवर घेतलास आणि नखं कापलीस. ते मी पाहिलं. जवाईबापू लुगड्याची पिशवी धरून उभे होते आणि तोंड दुसरीकडं केलं होतं, म्हातारीला संकोच नको म्हणून. माणूस चांगला आहे.

माझं म्हणशील तर केस उतरवायला त्यांना काही मेहनत पडली नाही, होतेच किती. बाकीचं तुला मी लिहून कशाला दाखवू? तू लेक आहेस. जे लेकराला बांधतात ते म्हाताऱ्यालाही बांधता येते, एवढं समज. कडी बाहेरून आहे. पलीकडच्या खाटेवरचा दिवसभर आपल्या बैलांना हाका मारतो. कधी कधी मीच त्याला ओ देतो.

तू लिहिलंस, तुम्हालाही घेऊन जातो, अश्वजित म्हणतो आहे. नको. रागावू नको, कारण ऐक. ती माझ्याशी बोलली ते एकदाच. दुसऱ्या दिवशी जग टेबलावर परत आला आणि ती पुन्हा जगशीच बोलली. ताट तसंच परत गेलं. मीही खाकरूनच तोंड वर केलं. जन्माची सवय आहे, एका पोळ्यानं कशी जाईल, तिचीही आणि माझीही? तुझं घर दोन खोल्यांचं. मी त्यात कुठंही पडलो तरी तिच्या ताटासमोरच पडेन. ती पुन्हा पदर ओढेल, पुन्हा पाणी सोडेल, आणि तू मध्ये उभी राहून कोणाला बाहेर काढशील? मला काढणार नाहीस. म्हणून मीच येत नाही. प्रविणला यातलं काही कळवू नको, तो उगीच फोनवर कैलाशशी भांडेल आणि चंदाला बोलणी बसतील.

तू मात्र ये. एकटी ये, न्यायला नको, बसायला ये. कैलाशला चार शब्द सुनाव की म्हाताऱ्यानं हाक मारली की लगेच न्या, बांधून ठेवू नका. माझं तो ऐकत नाही, तुझं ऐकेल. माझ्यामागं आणखी सगळी खोली आहे, त्यांचंही होईल.

आता दुपार आहे. ताट स्टुलावर ठेवून चंदा पलीकडच्या खाटेकडं गेली आहे. स्टूल माझ्या हाताला पुरत नाही. वरण निवलं, वर साय धरली. येईल ती, तिलाही दोनच हात आहेत.

तुझ्या पत्राच्या खाली तू लिहिलंस की आईनं मुद्दाम लिहायला लावलं, "त्याइले विचार, जेवले का." इथलं जे तू वाचलंस ते तुझ्यापाशी ठेव.

तिला सांग, जेवलो. मागून घेऊन जेवलो.

मोठेबाबा